विद्यार्थ्यांचं नाटक: मोठं सभागृह घ्यावं की अंगणात करावं? (सोलापूर)

मुक्ता_पूर्वभाग | १८ नोव्हेंबर, रात्री ९.४०

नमस्कार. मी सोलापुरात बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्ही अकरा जणांनी मिळून ५० मिनिटांचं एक नाटक लिहून बसवलंय. विषय विडी वळणाऱ्या बायकांचा. माझी अव्वा, म्हणजे आजी, चाळीस वर्षं विड्या वळायची. गटातल्या आणखी चौघींच्या घरी हेच. त्यामुळे गोष्ट कुठून शोधून आणावी लागली नाही. संवाद मराठीत आहेत, मधूनमधून तेलुगू.

गेल्या वर्षी आम्ही एक एकांकिका भाड्याच्या मोठ्या सभागृहात केली. भाडं, लाइट, साउंड, मेकअप, सगळं वर्गणीतून. पडदा उघडला तेव्हा समोर ४३ माणसं होती. मीच विंगेतून मोजली. त्यातली निम्मी आमच्या घरची, आणि तीही इतकी विखरून बसलेली की कुणाला हसू आलं तरी एकट्यानं कसं हसायचं असं वाटावं. माझ्या मैत्रिणीचा विनोदी प्रसंग होता. तो करून ती आत आली आणि रडली.

यंदा सर म्हणतात, मोठंच सभागृह घ्या, नाटक नाटकासारखं दिसलं पाहिजे. मला वाटतं, कॉलेजच्या अंगणात लिंबाखाली, चारी बाजूंनी माणसं बसवून करावं. आमच्या शेवटच्या प्रसंगात आजी एकही शब्द न बोलता एक विडी वळते. पान, तंबाखू, दोरा, आणि झालं. तो प्रसंग कुठे नीट पोचेल? आणि माणसं कशी जमवायची? पोस्टर, स्टेटस, रील, सगळं गेल्या वर्षी करून झालंय.

कडकभाकरी | १८ नोव्हेंबर, रात्री ९.५२

काय करलालास बे मुक्ता! एवढं मोठं लिवलीस, पण नाटक कवा हाय ते कुठं लिवलीस? तारीख टाक आधी. मी यायलोय.

मुक्ता_पूर्वभाग | १८ नोव्हेंबर, रात्री १०.०५

खरंच की! डिसेंबरचा तिसरा शनिवार धरलाय. आणि मी लास नाही, लीस आहे :)

तिसरी_घंटा | १९ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

मुक्ता, मी तीस वर्षं हौशी रंगभूमीवर आहे. तुझ्या सरांच्या बाजूनं बोलतो, राग मानू नकोस.

हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या रंगमंचावर उभं राहणं ही एक शाळा आहे. कमानी रंगमंचावर प्रेक्षक एकाच बाजूला असतो. त्यामुळे चित्र कसं रचायचं, विंगेतून कधी निघायचं, वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत कसं न्यायचं, हे सगळं तिथे शिकायला मिळतं. ज्या स्पर्धांची तुम्ही मुलं स्वप्नं बघता त्या याच चौकटीत होतात. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे, राज्य नाट्य स्पर्धा त्याच्याही आधीपासून. तिथे लिंबाचं झाड नसतं. आपल्या गावच्या नाट्य आराधना या संस्थेतून नट अतुल कुलकर्णी राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले, ते अशाच रंगमंचांवर घाम गाळून.

दुसरं असं की मुख्य पडदा, तिसरी घंटा, अंधार, यांचं एक गारुड असतं. प्रेक्षक घरचं सगळं बाहेर ठेवून आत येतो. अंगणात कुत्रं येतं, वरात जाते, शेजारच्या गल्लीत डीजे लागतो. तुमच्या ५० मिनिटांच्या कष्टांचं त्यात मातेरं व्हायला नको, एवढंच म्हणणं.

डिमरवाला | १९ नोव्हेंबर, सकाळी ११.३०

घंटाकाकांचा मान राखून दुसरी बाजू मांडतो. मी लाइट करतो, त्यामुळे मला सगळं फुटात दिसतं.

मोठ्या सभागृहातला मागच्या रांगेतला माणूस नटापासून ७०-८० फुटांवर असतो. विडीचा दोरा तिथून दिसणं शक्य नाही. मी कितीही चांगला स्पॉट मारला तरी त्याला हात दिसतील, बोटं दिसणार नाहीत. आता अंगणात १८ ते २० फूट व्यासाचं रिंगण सोडा. पहिली रांग सतरंजीवर, दुसरी खुर्च्यांवर, तिसरी बाकांवर उभी किंवा कट्ट्यावर. चार कोपऱ्यांत नटांना यायला-जायला चार वाटा. सव्वाशे माणसं आरामात बसतात आणि सगळ्यात मागचा माणूस रिंगणाच्या मध्यापासून १७-१८ फुटांवर असतो. तुझ्या शेवटच्या प्रसंगाला हेच अंतर लागतं.

हा हिशोब नवा नाही. नाट्यशास्त्रात भरतमुनींनी विकृष्ट, चतुरस्र आणि त्र्यस्र असे मंडपाचे तीन आकार सांगितलेत, म्हणजे लांबट, चौकोनी आणि त्रिकोणी. त्यातला माणसांसाठी चांगला म्हणून मधल्या मापाचा, ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद असा मंडप निवडलाय. दीड फुटाचा हात धरला तर ९६ बाय ४८ फूट, त्यातही निम्मी जागा रंगमंच आणि नेपथ्यगृहाची. कारणही दिलंय: याहून मोठ्या मंडपात आवाज विरतो आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत.

पुण्यात_अडकलेला | १९ नोव्हेंबर, दुपारी १.१०

वाचतोय. डिसेंबरात सोलापुरात नाटक म्हणजे हुरड्याशी गाठ आहे. शनिवारी अर्धं गाव कुणाच्या तरी शेतावर असतं. वेळ संध्याकाळी उशिराची ठेवा, लोक परत येऊ देत.

कडकभाकरी | १९ नोव्हेंबर, दुपारी १.१४

हुरडा, शेंगाचटणी आन् वर नाटक. याहून चांगला शनवार कुठला बे?

माळशिरसकर | १९ नोव्हेंबर, रात्री ८.२५

चारी बाजूंनी प्रेक्षक हे काही बाहेरून आलेलं खूळ नाही, म्हणून लिहितोय.

आमच्या तालुक्यात आषाढीच्या वारीत माउलींच्या पालखीचं पुरंदावड्याला गोल रिंगण होतं. तुकोबांच्या पालखीचं अकलूजला गोल आणि माळीनगरला उभं रिंगण. मी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून बघितलंय. गोल रिंगणात मध्ये पालखी, भोवती दिंड्या, आणि त्यांच्यामधून अश्व धावतो. कुठंही उभे राहा, घोडा एकदा तरी तुमच्या अंगावर आल्यासारखा वाटतो, आणि त्याच क्षणी समोरच्या बाजूच्या माणसांचे चेहरे दिसतात. त्यांचा आनंद बघून आपला वाढतो. उभ्या रिंगणात वारकरी दोन बाजूंना समोरासमोर उभे राहतात आणि मधल्या पट्टीतून अश्व जातो. नाटकवाले ज्याला दोन बाजूंच्या प्रेक्षकांचा मंच म्हणतात तो हाच. कुणी तरी भेटायला येतंय, कुणी सोडून जातंय अशा गोष्टीला तो फार शोभतो, कारण सगळा खेळ येण्याजाण्याचा असतो.

भारूड, गोंधळ, पोतराज, सगळं आपण गोल उभं राहूनच बघत आलो. खुद्द सोलापुरात संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांचा अक्षता सोहळा, म्हणजे त्यांचं प्रतीकात्मक लग्न, होतो तो संमती कट्ट्यापाशी. एक कट्टा, त्याच्याभोवती नंदीध्वज आणि नजर पोचेल तिथवर माणसं. संमतीवाचन झालं की हजारो हातांतून अक्षता पडतात. तिथे प्रेक्षक कुठला आणि वऱ्हाडी कुठला हे वेगळं काढता येत नाही.

मग्गम | १९ नोव्हेंबर, रात्री ९.५०

माळशिरसकर, काय सुरेख लिहिलंत.

मुक्ता, मी पण पूर्व भागातलाच, म्हणजे आपल्या तेलुगू विणकर आणि विडी कामगारांच्या वस्तीतला. मला मंचाच्या आधी वेगळं विचारायचंय. हे नाटक तुम्ही कुणाला दाखवणार? विडी वळणाऱ्या बायकांवर नाटक आणि समोर फक्त कॉलेजची मुलं, असं होऊ नये. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहत आहे, दहा हजार घरं, विडी कामगार बायकांची. तिथे कधी कुणी नाटक घेऊन गेलं तर सांगा. माझी आई सभागृहात नाटकाला कधी आली नाही. तिला वाटतं, ती जागा आपली नाही, तिथे बोलायचं कसं, बसायचं कसं. पण दारात कुणी काही केलं तर सूप बाजूला ठेवून येईल. बहुतेक सूप घेऊनच येईल, बघता बघता शंभर विड्या वळून होतील.

म्हणून म्हणतो, पहिला प्रयोग कॉलेजात करा, दुसरा वसाहतीत. आणि पत्रकात तेलुगूत दोन ओळी नक्की घाला.

मुक्ता_पूर्वभाग | १९ नोव्हेंबर, रात्री १०.२०

मग्गम, हे वाचून गप्प झाले. आम्ही प्रेक्षक म्हणून फक्त वर्गमित्र आणि परीक्षक धरले होते. अव्वानं तालीमसुद्धा बघितलेली नाही. उद्या तिला घेऊन जाते.

खुर्ची_क्र_१४ | २० नोव्हेंबर, सकाळी १०.००

मी नाटक करत नाही, फक्त बघते. पंचवीस वर्षं तिकीट काढून. तेव्हा प्रेक्षक का येत नाही हे माझ्याकडून ऐका.

पत्रिकेवर ६.३० लिहितात आणि ७.२० ला सुरू करतात. त्याआधी दीपप्रज्वलन, सत्कार, चार भाषणं. नाटक ५० मिनिटांचं आणि मनोगतं तासाभराची. मी घरी कुकर लावून, सासूबाईंच्या गोळ्या देऊन निघते. परतायला उशीर होतो आणि जुळे सोलापूरकडे जाणारी रिक्षा रात्री म्हणेल ते भाडं घेते. पुढच्या वेळी मी येत नाही, आणि त्याचा नाटकाच्या दर्जाशी काही संबंध नसतो.

म्हणून पोस्टरवर सुरू होण्याची वेळ लिहा आणि संपण्याचीही लिहा. "६.३० ला सुरू, ७.२० ला संपेल." एवढ्या एका ओळीवर माझ्यासारख्या दहा बायका येतील. बायकांचं स्वच्छतागृह उघडं आहे का ते आधी बघून ठेवा. अंगणात म्हाताऱ्या माणसांना सतरंजीवर बसवू नका, गुडघे वाकत नाहीत, पाठीच्या वीस खुर्च्या त्यांच्यासाठी राखा. पाहुण्यांचा सत्कार करायचाच असेल तर नाटकानंतर.

तिसरी_घंटा | २० नोव्हेंबर, सकाळी १०.४५

ताई, शंभर टक्के मान्य. वेळेवर घंटा न देणाऱ्या नाटकवाल्यांत मीही होतो. पाहुणे आले नाहीत म्हणून थांबलो आणि वेळेवर आलेल्यांना शिक्षा दिली.

अक्कलकोट_रोड | २० नोव्हेंबर, दुपारी ३.३०

फुकट ठेवताय की तिकीट? माझा अनुभव असा की फुकट पासवाला "येतो येतो" म्हणतो आणि येत नाही. पन्नास रुपये दिलेला माणूस पावसातही येतो. तिकीट ठेवाच.

मग्गम | २० नोव्हेंबर, दुपारी ३.५५

असहमत. हजार विड्यांवर मजुरी मिळणाऱ्या बाईला घरातल्या चौघांचे दोनशे रुपये मोजायला सांगायचे, तेही तिच्यावरच्या नाटकाला? वसाहतीत तिकीट नको.

अक्कलकोट_रोड | २० नोव्हेंबर, दुपारी ४.१०

वसाहतीत नको, हे मान्य. पण कॉलेजात तरी ठेवा. मुलांना लाइटचं भाडं कुठून द्यायचं?

माळशिरसकर | २० नोव्हेंबर, संध्याकाळी ६.००

झोळी फिरवा. भारुडात ताट फिरतं, ज्याला जे वाटेल ते टाकतो. नाट्यदिग्दर्शक अतुल पेठ्यांनी अंनिसच्या, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या, कार्यकर्त्यांना घेऊन रिंगणनाट्य उभं केलं. कार्यकर्तेच नट, नेपथ्य जवळजवळ नाही, जिथे माणसं जमतील तिथे प्रयोग. खर्च कमी ठेवला की तिकिटाचा प्रश्नही लहान होतो.

डिमरवाला | २० नोव्हेंबर, रात्री ९.१५

गोल करायचं ठरलं असेल तर आता कामाचं बोलू. नटाची पाठ कुणाकडे तरी असणारच. ते टाळायला गोल गोल फिरायला लागलात तर प्रेक्षकाला गरगरेल. उपाय असा की रिंगणात तिरपं उभं राहायचं, वाटेच्या तोंडाशी पाठ करून. म्हणजे तुमच्या पाठीमागे माणूस नसतो, मोकळी वाट असते. दोघं बोलत असतील तर जवळ उभे राहू नका, एकमेकांना झाकता. सहा-सात फूट अंतर ठेवा, म्हणजे एकाची पाठ दिसणाऱ्याला दुसऱ्याचा चेहरा दिसतो. बसलेला नट सगळ्यांना दिसतो, पण त्याच्यापुढे उभा राहिलेला सगळं घालवतो. उंच सामान नको, पाट, सूप, पत्र्याचा डबा पुरे.

लाइट समोरून ४५ अंशांत मारायची सवय इथे चालत नाही, पलीकडच्या प्रेक्षकाच्या डोळ्यांत जातो. चार कोपऱ्यांत बांबू पुरा आणि वरून, जास्त खड्या कोनातून मारा. एलईडी पार, म्हणजे डब्यासारखे एलईडी दिवे, वापरा. जुने हॅलोजन घेतलेत तर लक्षात ठेवा, ५ अँपिअरच्या घरगुती बोर्डावर १००० वॅटचा एकच दिवा चालतो, दुसरा लावलात की फ्यूज उडाला.

आणि खरी तंबाखू वापरू नका. वारं असतं, पहिली रांग खोकत बसेल.

पुण्यात_अडकलेला | २० नोव्हेंबर, रात्री ९.४०

मधला मार्गही आहे. तीन बाजूंनी प्रेक्षक, चौथ्या बाजूला भिंत. मुंबईत जुहूचं पृथ्वी थिएटर असंच आहे, १९७८ पासून. पहिल्या रांगेत बसलं की पाय मंचाला लागतात. जवळीक मिळते आणि नटाला मागे एक बाजू हक्काची राहते. तुमच्या अंगणात कॉलेजची भिंत असेल तर विचार करा. दादरला छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून प्रायोगिक नाटकं झाली, तीही शाळेच्याच जागेत. नाटकाची इमारत नाही म्हणून कुणी थांबलं नव्हतं.

मुक्ता_पूर्वभाग | २३ नोव्हेंबर, रात्री ११.०५

अव्वा तालमीला आली होती! आधी म्हणाली, मला काय कळतंय त्यातलं. मग वीस मिनिटांनी उठून थेट मध्ये आली. आजीचं काम करणाऱ्या मुलीच्या हातातून पान काढून घेतलं आणि म्हणाली, कोरडं पान वळतंय होय कुठं? पान भिजवून ओल्या फडक्यात ठेवायचं, फर्मा, म्हणजे मापाचा पत्रा, लावून कातरायचं, मग करंगळीपासून गुंडाळत वर यायचं, तोंड नखानं दुमडायचं, दोरा दोन वेढे. दहा मिनिटं तिनं सगळ्यांना शिकवलं. आम्ही अकराही जण तिच्याभोवती गोल करून बसलो होतो आणि कुणाचीही मान वाकडी नव्हती. सर म्हणाले, बरं, अंगणातच करू.

कडकभाकरी | २३ नोव्हेंबर, रात्री ११.१२

अव्वाला दिग्दर्शक करा बे!

तिसरी_घंटा | २४ नोव्हेंबर, सकाळी ७.००

माझी हरकत मागे. पण एक ऐक. जवळचा प्रेक्षक आहे म्हणून आवाज पडू देऊ नका. उघड्यावर छत नसतं, आवाज परत येत नाही, वर निघून जातो. रोज अर्धा तास अंगणातच, एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या माणसाशी बोलण्याचा सराव करा. ओरडायचं नाही, बोलायचं. पाठ असलेल्या बाजूलाही शब्द कळला पाहिजे.

आणि कागदपत्रं. जाहीर प्रयोग करायचा तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, ते काम आजच सुरू करा. संहिता तुमचीच आहे, पण दुसऱ्याची असती तर लेखकाची लेखी परवानगी आणि मानधन आलंच. वसाहतीत ध्वनिक्षेपक लावलात तर रात्री १० ला बंद. कॉलेजचं पत्र घेऊन पोलीस ठाण्यात आधी कळवून या.

खुर्ची_क्र_१४ | २४ नोव्हेंबर, दुपारी १२.२०

पोस्टर कसं करताय?

मुक्ता_पूर्वभाग | २४ नोव्हेंबर, दुपारी १.००

गेल्या वर्षीच्या पोस्टरवर सगळ्या कलाकारांचे फोटो, प्राचार्यांचा, पाहुण्यांचा, प्रायोजकाचा. एकूण १९ चेहरे. आता मोजले तेव्हा कळलं की तारीख सगळ्यात खाली, सगळ्यात बारीक होती.

अक्कलकोट_रोड | २४ नोव्हेंबर, दुपारी १.४५

माझं छपाईचं काम आहे, म्हणून सांगतो. पोस्टर माणूस गाडीवरून जाताना बघतो, तीन सेकंद. एकच चित्र ठेवा, अव्वाच्या हातांचं. चेहरा पण नको. वर नाव, खाली वार, तारीख, वेळ, जागा, मोठ्या अक्षरात. कन्ना चौक, अशोक चौकाकडची पत्रकं तेलुगू-मराठी करा आणि दुकानदाराला विचारून काचेवर आतून लावा, बाहेरून लावलेलं दुसऱ्या दिवशी राहत नाही. भिंतींवर चिकटवू नका, गाव आपलंच आहे.

वर्तमानपत्राला बातमी आठवडाभर आधी द्या, आदल्या रात्री नको. एका पानात, पहिल्या ओळीत कोण, काय, कुठे, कधी. सोबत तालमीचा एक चांगला फोटो. आणि ठराविक मजकूर सगळ्या ग्रुपवर टाकण्यापेक्षा प्रत्येकानं दहा माणसांना स्वतः फोन करा. अकरा गुणिले दहा, एकशेदहा. तुमचं अंगण भरलं.

मग्गम | २४ नोव्हेंबर, रात्री ८.३०

वसाहतीत फोन चालत नाही, पाय चालतात. मी येतो तुमच्याबरोबर. दुपारी दोन ते चार बायका दारात वळत बसलेल्या असतात. पाच मिनिटं बसायचं, नाटकातला एक प्रसंग तिथंच करून दाखवायचा आणि उठायचं.

मुक्ता_पूर्वभाग | २३ डिसेंबर, रात्री १०.३०

धागा वर काढतेय, कारण तुम्हा सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं.

शनिवारी कॉलेजात झालं. १३४ माणसं. ६.३० ला म्हणजे ६.३० ला सुरू केलं, पाहुणे ६.४० ला आले आणि शांतपणे मागे बसले. सहाव्या मिनिटाला एक वरात गेली. आजीचं काम करणारी मुलगी थांबली, बँड लांब जाईपर्यंत नुसती वळत राहिली, आणि कुणी चुळबुळ केली नाही. तंबाखूऐवजी वाळका पाला घेतला होता, तरी वाऱ्यानं थोडा उडाला. डिमरवाला काकांनी सांगितलेल्या तिरप्या उभं राहण्याचा फार उपयोग झाला, फक्त एका प्रसंगात दोघं जवळ आले आणि माझ्या मावशीला पूर्ण संवादभर दोन पाठी दिसल्या. झोळीत ६,२१० रुपये जमले. लाइटचं भाडं निघालं.

काल रविवारी कुंभारीला गेलो. मग्गमदादा आणि मी चार दुपारी दारोदार फिरलो होतो. किती माणसं आली मोजता आलं नाही, पोरं सारखी हलत होती. पुढच्या रांगेत बायका खरोखरच सुपं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तेलुगू वाक्यांना हशा आधी मागून आला, मग त्यांनी शेजारणीला मराठीत सांगितलं आणि दुसरा हशा उठला.

शेवटचा प्रसंग सुरू झाला. माझी मैत्रीण विडी वळत होती, सगळं चिडीचूप. आणि पहिल्या रांगेतल्या एक आज्जी हळूच पुढे वाकल्या, तिच्या हाताला हात लावला आणि म्हणाल्या, "दोरा सैल झालाय बाळा. कारखान्यात परत करतील." मैत्रिणीनं नाटकातच राहून दोरा सोडला आणि त्यांच्याकडे बघत पुन्हा बांधला. आज्जींनी मान डोलावली. तेव्हा आम्ही दिवे घालवले.

डिमरवाला | २३ डिसेंबर, रात्री १०.४१

हा प्रकाश मला करायला मिळायला हवा होता.

तिसरी_घंटा | २४ डिसेंबर, सकाळी ६.५०

मुक्ता, मी शनिवारी आलो होतो. तिसऱ्या रांगेत, लिंबाच्या बुंध्यापाशी. सांगितलं नाही, कारण तुम्ही सगळे घाईत होतात. दोरा मला तिथून दिसला. दोन वेढे, आणि दुसरा जरा कमी ओढलेला.

खुर्ची_क्र_१४ | २४ डिसेंबर, सकाळी ९.३०

मी ७.४५ ला घरी होते. सासूबाई विचारतायत, पुढचा कधी, मलाही यायचंय.

कडकभाकरी | २४ डिसेंबर, सकाळी ९.३३

तारीख टाक बे मुक्ता!

मुक्ता_पूर्वभाग | २४ डिसेंबर, सकाळी ९.५०

सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा झाली की जानेवारीचा शेवटचा शनिवार. संध्याकाळी ६.३० ला सुरू, ७.२० ला संपेल. कॉलेजचं अंगण, लिंबाखाली. सासूबाईंसाठी पाठीची खुर्ची राखून ठेवते.